गणिताच्या पुस्तकातली गॅलरी

१९५२ साली मुंबईत, काळा घोडा भागात, जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. त्याच वर्षी मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदामामा’ची मराठी आवृत्ती, म्हणजे आपला ‘चांदोबा’, मुलांच्या हातात पडू लागला. आणि त्याच वर्षी दिवाळीत ‘मोहिनी’ मासिकाचा अंक एक वेगळंच मुखपृष्ठ घेऊन आला. त्यावर एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी उभे होते. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची.

बस्स, एवढंच. खाली ओळ नाही, तोंडातून निघालेला फुगा नाही. कापडावरची नक्षी, जी आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही, तीच अचानक जिवंत होते. शेजारी उभ्या राहिलेल्या दोन माणसांमध्ये काय चाललं असेल, हे मांजर-उंदीर सांगून टाकतात. माणसं मात्र आपली सभ्यपणे उभी.

हे चित्र काढणारा माणूस २७ वर्षांचा होता. नाव शिवराम दत्तात्रेय फडणीस. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना शि. द. फडणीस म्हणून ओळखू लागला. २९ जुलै २०२५ ला त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली. मोठ्यांना ते दिवाळी अंकांमुळे माहीत आहेत. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्यांची चित्रं मासिकाआधी एका भलत्याच वाटेनं पोचली. ती वाट म्हणजे गणिताचं पुस्तक.

एक गाव गेलं, एक जिल्हा आला

फडणीसांचा जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. शिक्षण कोल्हापुरात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रकार होणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. तिथून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि १९४९ मध्ये कमर्शियल आर्टची पदविका घेऊन बाहेर पडले. तैलरंगातली देखणी चित्रं काढून ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायची, हा रस्ता त्यांनी धरला नाही. छापखान्यातून हजारोंच्या संख्येनं निघणारं चित्र हेच त्यांचं काम झालं.

आता नकाशाकडे बघू. १९५२ साली भोज मुंबई राज्यात होतं आणि परभणी हैदराबाद राज्यात. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. त्या एकाच दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मराठवाड्याबरोबर परभणी मुंबई राज्यात आलं. चित्रकाराचं जन्मगाव ज्या दिवशी रेषेच्या पलीकडे गेलं, त्याच दिवशी त्याचे पुढचे कितीतरी छोटे वाचक रेषेच्या अलीकडे आले. रेषा काढणाऱ्या माणसावर नकाशाच्या रेषेनं केलेला हा विनोद म्हणायला हरकत नाही.

परभणीची गोष्ट जरा वेगळी होती. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, तरी माणसांची अक्षरओळख एका रात्रीत बदलत नाही. बाप उर्दूत अर्ज लिहिणारा, मुलगा मराठीत बाराखडी गिरवणारा आणि आजी दोन्हींपैकी काहीच न वाचणारी, असं घर तेव्हाच्या मराठवाड्यात नवलाचं नव्हतं. अशा घरात शब्दांशिवायचं चित्र हा एकच मजकूर असा, जो तिघंही एकत्र वाचू शकत होते.

‘नुसता बसलाय’ हाच धंदा

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा खास दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या अनंत अंतरकरांच्या मासिकांनी फडणीसांच्या मुखपृष्ठांना जागा दिली. मुखपृष्ठावर सुंदर स्त्री हवीच, अशी तेव्हाची रीत. फडणीसांनी ती मोडली नाही, तिच्या साडीला कामाला लावलं.

दिवाळी अंकाच्या चित्रकाराचं वेळापत्रक मोठं गमतीचं असतं. अंक दिवाळीत हवा, म्हणजे चित्र पावसाळ्यात हवं. बाहेर धो धो पाऊस, दोरीवर न वाळलेले कपडे आणि टेबलावर आकाशकंदील. वाचक हसणार ऑक्टोबरात, चित्रकारानं हसून घ्यायचं जुलैत, तेही एकट्यानं.

शब्दांशिवायच्या हास्यचित्राची आणखी एक अडचण आहे. त्यातलं खरं काम हातात कुंचला येण्याआधीच संपलेलं असतं. छत्री, खुर्ची, नळ, कपड्यांची दोरी, सायकल यांच्याकडे इतका वेळ बघत बसायचं, की त्या वस्तूनं शेवटी कंटाळून आपली एखादी खोडी कबूल करावी. घरातल्या इतरांच्या दृष्टीनं मात्र हा माणूस नुसता बसलेला असतो. गवंडी विटा रचताना दिसतो, शिंपी मशीन चालवताना दिसतो. चित्रकाराचं सगळ्यात कष्टाचं काम बाहेरून अगदी आळसासारखं दिसतं. फडणीसांच्या घरात निदान हे समजून घेणारं माणूस होतं. पत्नी शकुंतला फडणीस स्वतः लेखिका होत्या. लेखकही बराच वेळ नुसता बसलेलाच असतो.

कोल्हापूरनं मराठीला असाच दुसरा माणूस दिला, वसंत सरवटे. ते एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. दिवसा सिमेंट आणि उरलेल्या वेळात रेषा. ‘ललित’मधला जयवंत दळवींचा ठणठणपाळ हातात हातोडा घेऊन उभा राहिला, तो सरवट्यांच्या रेषेतून. सरवट्यांचा विनोद माणसाच्या चेहऱ्यात आणि बोलण्यात सापडतो, फडणीसांचा वस्तूंच्या वागण्यात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’साठी फडणीसांनी चित्रं काढली. तिथंही पु. लं.च्या वाक्यांशी त्यांनी स्पर्धा केली नाही. वाक्य जिथं थांबतं, तिथून पुढे चित्र जातं.

पाच लाडू पाचच दिसले पाहिजेत

२७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. आपण त्याला बालभारती म्हणतो. राज्यभर एकच पुस्तक जाणार, म्हणजे ते कोकणातल्या, विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या मुलाला सारखंच कळायला हवं. पुढे या मंडळाच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रं काढली.

मुलांच्या पाठ्यपुस्तकात चित्र घालणं ही कल्पना जुनीच. १६५८ मध्ये कोमेनियस नावाच्या शिक्षकानं न्यूरेंबर्गला ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे सचित्र पुस्तक काढलं. मुलाला शब्दाआधी वस्तू दिसली पाहिजे, हा त्याचा आग्रह. पण भाषेच्या पुस्तकातलं चित्र आणि गणिताच्या पुस्तकातलं चित्र यांत मोठा फरक आहे. भाषेच्या पुस्तकात झाडावर ‘पुष्कळ’ पक्षी असले तरी चालतं. गणितात ते सात असतील तर सातच लागतात.

आता चित्रकाराची पंचाईत बघा. खोली दाखवायला एक वस्तू दुसरीच्या थोडी मागे ठेवायची, हे त्याला पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं. गणितात तेच केलं, तर पानाआड अर्धा लपलेला पक्षी मोजायचा की नाही, यावर वर्गात भांडण. बैल मोजायला दिले आणि सावली जरा ठसठशीत पडली, तर एखादा चोख विद्यार्थी सावलीही मोजणार. ताटातल्या पाच लाडवांपैकी एकाला कुणी चावा घेतलेला दाखवला, तर विनोद झाला, पण उत्तर साडेचार आलं! शाळेत चार चुकतं, साडेचारही चुकतं, आणि मार चित्रकाराला नाही, मुलाला बसतो.

म्हणून गणिताच्या चित्राचे नियम कडक असतात. प्रत्येक वस्तू पूर्ण दिसली पाहिजे, दुसरीपासून सुटी दिसली पाहिजे, आणि एका नजरेत ओळखू आली पाहिजे. फडणीसांची शैली जणू याच कामासाठी घडली होती. स्वच्छ बाह्यरेषा, सपाट निर्भेळ रंग, नको ते तपशील गाळलेले. मांजर आणि उंदीर कापडाच्या नक्षीतसुद्धा ओळखू येतात, ते याच गुणामुळे. नक्षी म्हणजे तरी काय, एकच आकार मोजून मापून पुन्हा पुन्हा मांडणं. म्हणजे एका अर्थी १९५२ चं ते मुखपृष्ठही गणितच होतं.

यात विनोद कुठं बसवायचा? उत्तर क्रियेत आहे. बेरीज म्हणजे कुणीतरी आलं. वजाबाकी म्हणजे काहीतरी गेलं. आता ‘गेलं’ म्हटलं की लगेच गोष्ट सुरू होते. कसं गेलं? कुणी नेलं? फुगा सुटला, पतंग कटला, मांजरानं बशी साफ केली. आठातून तीन गेले हे आकड्यात कोरडं असतं, चित्रात ती एक छोटीशी दुर्घटना असते, आणि मुलांना दुर्घटना फार आवडतात. भागाकार तर घरोघरचं महाभारत. तीन भावंडं आणि दहा चिंचा ठेवा, बाकी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. उरलेल्या एका चिंचेवरून जो गोंधळ होतो, तिलाच बाकी म्हणतात.

विनोद इथं सजावट म्हणून येत नाही. गणिताची भीती ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू आहे. पाढे न येणं म्हणजे हातावर छडी, हे समीकरण आधी पाठ होतं आणि बे दुणे चार नंतर. अशा पुस्तकात हसू आणणारं चित्र असणं म्हणजे मुलाला सरकारी पातळीवर दिलेला दिलासा होता: इथं चुकलास तरी चालेल, आधी नीट बघ.

मनमाडला गाडी बदलून

मुंबई ते परभणी अंतर साधारण पाचशे किलोमीटर. १९९० च्या दशकापर्यंत रेल्वेनं यायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण तिथं मोठी लाइन संपून निजामाच्या काळातली छोटी लाइन सुरू होई. फडणीसांनी १९६५ पासून ‘हसरी गॅलरी’ या नावानं आपल्या मूळ चित्रांची प्रदर्शनं भरवली आणि ती गावोगाव नेली. लोकांसमोर चित्र काढत गप्पा मारण्याचा ‘चित्रहास’ हा कार्यक्रमही केला. चित्र बघायला लोक येत नसतील तर चित्रानं लोकांकडे जावं, हा त्यामागचा साधा हिशोब.

पण कितीही फिरलं तरी प्रदर्शन शहरात थांबतं. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम इथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलानं जहांगीर बघण्याची शक्यता किती? त्याच्या दप्तरात मात्र गणिताचं पुस्तक होतं. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेले, कधी थोरल्या भावाकडून आलेलं. देशातल्या एका मोठ्या चित्रकाराचं काम त्या दप्तरात रोज शाळेत जात होतं आणि परत येत होतं. गॅलरीत चित्राला हात लावायला बंदी असते. इथं प्रत्येक पक्ष्यावर बोट ठेवून मोजायची सक्ती होती.

परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथं मराठी आणि उर्दू शाळा एकाच रस्त्यावर भरतात, तिथं याला आणखी एक अर्थ आहे. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. पण ताटातले पाच लाडू कुठूनही मोजले तरी पाचच भरतात. निःशब्द चित्राचं मोठेपण एरवी सभांमध्ये सांगितलं जातं, इथं ते पहिलीतलं मूल करून दाखवतं.

बारीक अक्षरांतलं नाव

पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानावर एक मजकूर असतो, जो कुणी वाचत नाही. समिती, मुद्रण, कागद आणि मध्येच कुठंतरी चित्रकार. परीक्षेला ते पान येत नाही. म्हणून ज्या माणसानं आपल्याला रंग, आकार आणि मिश्किलपणा यांची पहिली ओळख करून दिली, त्याचं नाव बहुतेकांना मोठेपणी, योगायोगानं कळतं, किंवा कळतच नाही. लेखकाचं नाव पाठ करायला लावणारी शाळा चित्रकाराचं नाव विचारतही नाही.

आज हीच गोष्ट फोनवर घडते. दिवाळी अंकातलं जुनं हास्यचित्र कुणीतरी ग्रुपवर टाकतं. दहाव्या फॉरवर्डपर्यंत कडा कापल्या जातात आणि कोपऱ्यातली सही कात्रीत जाते. वर कुणीतरी ‘सुप्रभात’ लिहितं. आपण हसतो, पुढे पाठवतो. ज्याला स्पष्टीकरणाची ओळही लागत नाही असं चित्र काढायला एखादा माणूस दिवसचे दिवस खुर्चीकडे बघत बसला होता, हे त्या कापलेल्या कोपऱ्याबरोबर जातं.

फडणीसांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘रेषाटन’ नाव दिलं. देशाटन करावं तसं रेषेचं भटकणं. भोज, कोल्हापूर, मुंबई, पुणे हा त्यांचा स्वतःचा प्रवास. त्यांच्या रेषेचा प्रवास त्याहून लांबचा आहे. तो मनमाडला गाडी बदलून, एसटीच्या टपावरच्या गठ्ठ्यांतून, खाकी कव्हराच्या आत जाऊन बसला. घरात जुनं गणिताचं पुस्तक सापडलं, तर आतलं ते पान एकदा उघडा. आणि पुढच्या वेळी एखादं चित्र फॉरवर्ड करण्याआधी कोपऱ्यात सही शाबूत आहे का, तेवढं बघा.