विम्लापन आणि लसीकामर्दन : एका प्रचलित समजुतीची छाननी

सुश्रुतसंहितेच्या नांवावर आजकाल ज्या अनेक गोष्टी खपविण्यांत येतात, त्यांपैकीं एकीची छाननी प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. लेखाचें निमित्त घरगुती आहे, तें सांगितल्याबद्दल वाचक क्षमा करतील अशी आशा आहे. आमच्या एका पुतणीनें दोन बाळंतपणांनंतर पोटाचा व कमरेचा मेद काढविण्याचें शस्त्रकर्म करून घेतलें. हें योग्य कीं अयोग्य हा आमच्या विचाराचा विषय नव्हे; आणि खरें म्हणजे तिनें आम्हांस विचारलेंहि नव्हतें. शस्त्रकर्मानंतर तिच्या हातीं एक छापील पत्रक देण्यांत आलें. 'लिंफॅटिक मसाज'च्या दहा बैठका घ्याव्या असें त्यांत सांगितलें असून, ही विद्या पांच हजार वर्षांपूर्वीं सुश्रुताचार्यांनीं 'विम्लापन' या नांवानें उपदेशिली आहे असें पुढें विधान होतें. तिसऱ्या दिवशीं मर्दन करणाऱ्या बाईनें असें कांहीं बळ लावलें कीं, पुतणीच्या कुशीवर नवे काळेनिळे डाग उमटले. 'दुखलें तरी सोसा, शास्त्रांत सांगितलेलें आहे,' असें उत्तर मिळालें, आणि तिनें सोसलें. पुढें तें पत्रक आमच्यापुढें ठेवून ती म्हणाली, 'काका, हें पोथींत नेमकें कोठें आहे तेवढें दाखवा.' ज्याचा सारा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेला, त्याला हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नव्हता.

प्रथम आधुनिक बाजू थोडक्यांत सांगतों. मेद काढून शरीराचा बांधा घडविण्याचें शस्त्रकर्म फार जुनें नाहीं. इ. स. १९२१ मध्यें पॅरिस येथील दुजारिये नामक शस्त्रवैद्यानें एका नर्तिकेच्या पायांचा मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांत पाय सडला व अखेर कापावा लागला. या प्रकारामुळें पुढें पुष्कळ वर्षें या वाटेस फारसें कोणी गेलें नाहीं. १९७५ च्या आगेमागें रोम येथें फिशर पितापुत्रांनीं व १९७७ मध्यें पॅरिस येथें इलूझ यांनीं पोकळ नळीनें मेद शोषून घेण्याची रीत प्रचारांत आणिली. १९८५ च्या सुमारास अमेरिकेंतील क्लाइन यांनीं तींत मोठी सुधारणा केली. मिठाच्या पाण्यांत बधिरतेचें औषध व अॅड्रिनलीन अतिशय विरल करून तें पाणी आधीं मेदांत भरावयाचें, म्हणजे वेदना व रक्तस्राव दोन्ही कमी होतात. तथापि नळी त्वचेखालीं अनेक बोगदे पाडीतच जाते. बारीक वाहिन्या तुटतात, मोकळ्या झालेल्या जागेंत द्रव सांचतो, सूज कांहीं आठवडे व कधीं कांहीं महिने राहते. म्हणून घट्ट वस्त्र घालावें लागतें. आणि याच सुजेसाठीं तें मर्दन सांगतात.

त्या मर्दनाचा इतिहास निराळा आहे. हातपाय सुजण्याच्या रोगावर स्वच्छता, दाब, व्यायाम व मर्दन यांची जोड ऑस्ट्रियन शस्त्रवैद्य विनिवार्टर यांनीं १८९२ मध्यें सांगितली होती. परंतु आज ज्यास 'मॅन्युअल लिंफ ड्रेनेज' म्हणतात तें एमिल व्होडर व त्यांच्या पत्नी एस्ट्रिड या डॅनिश दांपत्याचें. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान या गांवीं असतां, जुनाट सर्दीनें पीडित अशा लोकांच्या मानेंतील सुजलेल्या गांठी त्यांनीं हलक्या हातानें चोळून पाहिल्या. आपली पद्धति त्यांनीं १९३६ मध्यें पॅरिस येथें लोकांपुढें मांडली. या पद्धतीचें मर्म एकच : बळ लावावयाचें नाहीं. त्वचा जेवढी आपोआप सरकेल तेवढीच सरकवावयाची, कारण लसीकेच्या वाहिन्या त्वचेच्या अगदीं लगत असून नाजूक असतात. अंग लाल होतां कामा नये, दुखतां तर मुळींच कामा नये. जंतुदोष झालेला असतां, पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी असतां अथवा हृदय दुर्बल असतां हें मर्दन वर्ज्य आहे. मेदशोषणानंतर याचा उपयोग किती, याविषयींचा पुरावा अद्याप थोडाच आहे. कित्येक शस्त्रवैद्य तें आवर्जून सांगतात, कित्येक दाबाच्या वस्त्रावरच भागवितात. तात्पर्य, आमच्या पुतणीस जें भोगावें लागलें तें सुश्रुताचें नव्हतें हें पुढें दिसेलच. पण तें व्होडरचेंहि नव्हतें.

आतां पोथीकडे वळूं. विम्लापन हा शब्द सुश्रुतांत आहे, यांत शंका नाहीं. म्लै म्हणजे कोमेजणें. त्याच्या प्रयोजक रूपावरून, वि उपसर्ग लागून, 'कोमेजविणें' असा अर्थ होतो. फूल जसें सुकून बसतें तसा शोथ बसविणें, ही कल्पना. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायांत शोथ व व्रण यांच्या चिकित्सेच्या सात पायऱ्या सांगितल्या आहेत; त्यांत विम्लापन पहिली, व व्रणाचा वण घालविण्याचें वैकृतापह ही सातवी. पाटन म्हणजे शस्त्रानें फाडणें हें मध्यें येतें. क्रम पाहिला म्हणजे प्रश्नाचा बराच निकाल लागतो. विम्लापन हें शस्त्राच्या आधींचें आहे, नंतरचें नव्हे. शोथ अजून कच्चा आहे, पू झालेला नाहीं, तोंवर चोळून जिरला तर शस्त्राचा प्रसंगच टळेल, असा त्याचा हेतु. कच्चा शोथ कापणाऱ्या व पिकलेल्याची उपेक्षा करणाऱ्या, अशा दोन्ही वैद्यांची त्याच अध्यायांत कडक निर्भर्त्सना आहे. त्यावरून कच्चें कोणतें व पक्कें कोणतें या भेदास ग्रंथकार किती महत्त्व देतो हें कळून येईल.

प्रतिपक्षाचेंहि एक म्हणणें प्रामाणिकपणें नोंदविलें पाहिजे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांत व्रणाचे साठ उपक्रम मोजिले आहेत व विम्लापन त्यांत सहावें आहे. तेथें असा खुलासा आहे कीं, अपतर्पणापासून विरेचनापर्यंतचे उपक्रम विशेषेंकरून शोथाचे असले तरी व्रण झाल्यावर ते विरुद्ध पडतात असें नाहीं. तेव्हां शस्त्रकर्मानंतर विम्लापन सर्वथा निषिद्ध होतें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. परंतु तें करावयाचें कसें, हेंहि तेथेंच सांगितलें आहे. जो शोथ घट्ट आहे व ज्याची वेदना मंद आहे, त्याला आधीं तेल लावावें, मग शेक द्यावा, आणि नंतर वेळूच्या नळीनें, तळहातानें किंवा आंगठ्यानें हळूहळू चोळावें. पत्रककारानें वेळूची नळी गाळली ती गाळलीच, पण 'मंद वेदना' व 'हळूहळू' हेहि शब्द गाळले. मूळ वाचून मग गाळले, कीं मूळ पाहिलेंच नाहीं? दुसरा तर्क आम्हांस अधिक संभवनीय वाटतो.

पत्रकांत आणखी एक युक्तिवाद आहे. चरकसंहितेंत 'लसीका' शब्द आहे, सबब लसीकेच्या वाहिन्या आपल्या आचार्यांस ठाऊक होत्या, असा तो आहे. शब्द आहे खरा. शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायांत शरीरांतील द्रवांचीं मापें अंजलींनीं दिलीं आहेत. उदक, म्हणजे शरीरांतलें पाणी, दहा अंजलि; आणि तेंच त्वचेच्या आंत व्रणांत आलें म्हणजे त्यास लसीका म्हणतात, असें तेथें सांगितलें आहे. खरचटलेल्या जागीं जें पाणी पाझरतें तें, इतकाच येथें अर्थ. निरीक्षण उत्तम आहे, पण वाहिन्यांचें नांव नाहीं. त्या वाहिन्या गास्पारे आसेली यानें इ. स. १६२२ मध्यें मिलान येथें, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचें पोट फाडलें असतां, आंतड्यांच्या पडद्यांत पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पाहिल्या. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२७ मध्यें छापला गेला. सर्व शरीरभर पसरलेलें त्यांचें जाळें १६५० नंतरच्या तीनचार वर्षांत स्वीडनचा रुडबेक व डेन्मार्कचा बार्थोलिन यांनीं दाखविलें. पुढें आपल्या भाषांत प्रतिशब्द पाहिजे झाला तेव्हां भाषांतरकारांनीं चरकांतला हा जुना शब्द घेतला. निवड चांगली केली. पण आपणच दिलेला अर्थ मागें नेऊन जुन्या ग्रंथांत वाचावयाचा, हें म्हणजे कंसास आकाशवाणी ऐकूं आली म्हणून मथुरेंत त्या काळीं रेडिओचें केंद्र होतें असें म्हणण्यापैकीं झालें.

मग सुश्रुतांत शस्त्रकर्मानंतरचें मर्दन मुळींच नाहीं काय? आहे, आणि जेथें आहे तेथें पत्रककारांची दृष्टि गेलेली नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोंचण्याचा व तुटलेली कानाची पाळी सांधण्याचा आहे. पाळी सांधण्याचे पंधरा बंध तेथें दिले आहेत. अध्यायाच्या शेवटीं गालाच्या कातड्यानें नवें नाक करण्याची प्रसिद्ध कृति आहे. रूप सुधारण्यासाठीं केलेलें शस्त्रकर्म, हा अर्थ घेतला तर सबंध संहितेंत याच्याइतका जवळचा भाग दुसरा नाहीं. मेदाच्या गांठी शस्त्रानें काढून डाग देण्याचें चिकित्सास्थानांत अन्यत्र आहे, पण तो रोगाचा उपचार झाला.

या अध्यायांत पाळी सांधल्यानंतर काय करावें व काय टाळावें याचा तपशील आहे. तीन रात्रीं कच्च्या तेलाचें सिंचन करावें. तीन रात्रींनीं कापसाचा बोळा बदलावा. रोग्यानें टाळावयाच्या गोष्टी अशा : दिवसा झोप, व्यायाम, अतिभोजन, मैथुन, विस्तवाचा शेक, फार बोलणें, आणि या यादींत अगदीं आरंभीं विघट्टन, म्हणजे सांधलेल्या जागेस घासणें, हलविणें, धक्का लावणें. यानंतर, व्रण नीट भरून आल्यावरच, पाळी हळूहळू वाढवावी. उतावीळ केल्यास दाह, पाक, लाली व वेदना होऊन ती पुन्हां तुटते, अशी सूचना आहे. आणि त्या वाढविण्यासाठीं मग अभ्यंग सांगितला आहे : घोरपडीची व नाना पशुपक्ष्यांची चरबी व मज्जा, दूध, तूप, पांढऱ्या मोहरीचें तेल इत्यादिकांचा. म्हणजे शस्त्रकर्मानंतर चोळणें सुश्रुतास मान्य आहे, पण जखम भरल्यानंतर. तिसऱ्या दिवशीं जें सांगितलें आहे तें तेल शिंपणें, चोळणें नव्हे. पुतणीस आम्हीं हेंच स्थळ उघडून दाखविलें. नवें नाक केल्यावरहि दोन नळ्या घालून, पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांची पूड टाकून, पांढऱ्या कापसानें झांकून वरचेवर तिळाचें तेल शिंपावें असेंच आहे. नाक कमी भरलें तर वाढवावें, मांस जास्त वाढलें तर सारखें करावें, हें त्यापुढचें.

दुसरें एक स्थळ. मेदशोषणानंतर टांक्यांचीं छिद्रें उघडीं ठेवून आंतील पाणी हातानें दाबून काढण्याची रीत कोठें कोठें आहे. साठ उपक्रमांत पीडन आहे, तें हेंच, असें कोणी म्हणेल. पण तेथें बारीक तोंडाच्या व पू भरलेल्या व्रणाभोंवतीं लेप लावून, तो सुकतांना जो ताण पडतो त्यानें दाब देण्यास सांगितलें आहे. आणि लेप व्रणाच्या तोंडावर लावूं नये अशी ताकीद आहे. हातानें पिळण्याचा तेथें संबंध नाहीं.

आमच्याच भागांतला पुरावा याच्याशीं जुळतो. पुण्याजवळ वीटकरी जातीच्या एका माणसानें कावसजी नांवाच्या इसमास कपाळाच्या कातड्याचें नवें नाक करून दिल्याची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापली आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. कावसजी हा इंग्रजी फौजेंतला बैलहांक्या. टिपूच्या लोकांनीं धरून त्याचें नाक व एक हात कापला. (नांव पारशी वाटतें, पण पत्रांत त्यास मराठा म्हटलें आहे.) लोक कातड्याचें मोजमाप, मेणाचा नमुना, दोन डोळ्यांमधील राखलेली पट्टी यांचें कौतुक करितात, पुढची शुश्रूषा कोणी वाचीत नाहीं. काथ पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या सांध्यावर बसविल्या. चार दिवस दुसरें कांहीं नाहीं. मग तुपांत भिजविलेल्या चिंध्या. रोगी पांच-सहा दिवस उताणा. दहाव्या दिवशीं नाकपुड्या उघड्या राहाव्या म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली. या सर्व क्रमांत चोळण्याचें नांव नाहीं. त्या वीटकऱ्यास संहिता अवगत असण्याचा संभव कमीच. पण ताज्या सांध्यास हात लावूं नये हें त्याच्या हातास ठाऊक होतें.

राहिला 'पांच हजार वर्षां'चा प्रश्न. आजची संहिता एका हातची वा एका काळची नाहीं. ती इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत बहुतांशीं आजच्या रूपास आली असें सामान्यतः मानितात. तिची कालनिर्दिष्ट अशी फार जुनी ताडपत्री पोथी काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत आहे. तिचा काळ इ. स. ८७८. नेपाळांतील पोथ्यांच्या आधारें हाच सोळावा अध्याय संपादून व्यास्तिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ मध्यें प्रसिद्ध केला आहे. डल्हणाच्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं सिद्ध केलेली निर्णयसागराची प्रत ज्यांच्या संग्रहीं आहे, त्यांनीं ती या ग्रंथाशेजारीं ठेवून अवश्य वाचावी. छापील पाठावर किती विसंबावें याचा त्यावरून चांगला बोध होतो.

पुतणीनें आमचें टिपण आपल्या शस्त्रवैद्यास दाखविलें. त्यांनीं डाग जाईपर्यंत मर्दन थांबविण्यास सांगितलें. पत्रकाबद्दल ते कांहीं बोलले नाहींत.

वाचकांपाशीं एकच विनंति आहे. वैद्य घराण्यांतील जुन्या बाडांत नाक, कान वा ओठ सांधल्यानंतर करावयाच्या उपचारांची टिपणें, मग तीं मोडींत असोत वा बाळबोधींत, कोणाच्या पाहण्यांत आलीं असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल, निदान पृष्ठसंख्या व लेखनकाल, मंडळाकडे पाठवावा. पुणें प्रांतीं वीटकरी अथवा कुंभार घराण्यांत हें काम चालत असल्याचा एखादा वतनी अगर इनामी कागद निघेल तर तो नुसता कळवून न ठेवतां छापावयास द्यावा.