सुकिगाएशी
वापरलेला कागद भिजवून व कांडून त्याच्या लगद्यापासून पुन्हा हातकागद करण्याची जपानमधील प्राचीन पद्धत. काजळीची शाई धुण्याने पूर्णपणे जात नसल्याने हा कागद करडा होई. म्हणून त्यास ‘उसुझुमिगामी’ (फिक्या शाईचा कागद) म्हणत. सम्राट सेइवा (कार. ८५८–८७६) याच्या निधनानंतर त्याची राणी फुजिवारा नो तामिको (मृ. ८८६) हिने त्याने तिला लिहिलेल्या पत्रांचा कागद करवून त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्राची प्रत केली, अशी नोंद निहोन सान्दाइ जित्सुरोकु (९०१) या इतिहासग्रंथात आहे. पत्रांतील मजकूर लोपला, तरी त्यांची शाई सूत्राच्या कागदात उरली. पुढे अशा कागदावर सम्राटाच्या आज्ञाही लिहिल्या जाऊ लागल्या. एदो काळात (१६०३–१८६८) आसाकुसा येथील याच पद्धतीचा स्वस्त कागद सामान्यांच्या नित्य वापरात आला.