कोयना धरणाचे संगणकीय सदृशीकरण

कोयना धरणाचे संगणकीय सदृशीकरण : सातारा जिल्ह्यातील या धरणाच्या भूकंपकालीन वर्तनाची संगणकावरील गणिती प्रतिकृती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात १०३ मी. उंचीच्या धरणाच्या दोन्ही अंगांस, पाठीचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. खाली कृष्णाकाठी कऱ्हाड व सांगली असल्याने हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हता. अभिकल्पात भूकंपाचा जोर गुरुत्वप्रवेगाच्या ०·०५ पट व स्थिर धरला होता. धरणातील प्रवेगलेखकाने मात्र त्याच्या अनेक पट हादरा नोंदविला. हादरा व भेगांचे स्थान दोन्ही ज्ञात असल्यामुळे (असा योग विरळाच) कोयना ही जगभर कसोटीची समस्या ठरली. अनिल चोप्रा व चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये, धरणाचे लहान घटकांत विभाजन करून, ताण नेमके तेथेच काँक्रीटला असह्य होतात हे दाखविले.

पुढे अशा आज्ञावली मूळ संहितेसह खुल्या झाल्या. फ्रान्सच्या वीज उद्योगाची ‘कोड-ॲस्टर’ २००१ मध्ये मुक्त झाली. लिनक्स संगणकावर ती बसविताना संहितेची यंत्राच्या गणितीय उपकार्यसंचांशी सांगड घालावी लागते. ती विजोड राहिल्यास आज्ञावली चालूनही उत्तर चुकू शकते. म्हणून प्रथम ज्ञात उत्तरांची उदाहरणे सोडवून पाहतात. कोयनेसाठी १९६७ चाच छेद घेतात. भूकंपानंतर धरणाच्या पाठीस काँक्रीटचे टेकू दिल्यामुळे ती उत्तरे आजच्या धरणास जशीच्या तशी लागू पडत नाहीत.