विहिरीचा व्यास मोजणारा डॉक्टर

वैद्यकीय अभ्यासक्रमात एक धडा असा आहे की ज्यात रुग्णच नसतो. तेथे असते फक्त गावातली एक विहीर. विद्यार्थ्याने काठावर उभे राहून तिचा व्यास मोजायचा आणि दगड बांधलेली दोरी आत सोडून पाण्याची खोली घ्यायची. (गावकऱ्यांना विचारले तर उत्तर परसांत मिळते, ते मीटरमध्ये आणावे लागते.) मग आकडेमोड. व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल, तर विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम या ढोबळ प्रमाणाने ब्लीचिंग पावडर लागेल साधारण ७० ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर. नेमके प्रमाण हवे असेल तर हॉरॉक्सचा संच उघडून सहा पांढऱ्या आणि एका काळ्या वाटीची परीक्षा करायची. पावडर टाकल्यावर निदान तासभर कोणी पोहरा सोडणार नाही, याची काळजीही त्यानेच घ्यायची.

हे काम डॉक्टरचे आहे काय, हा प्रश्न आपल्या देशात गेली ऐंशी वर्षे विचारला जात आहे. मुंबई-दिल्लीच्या समित्यांनी त्याची उत्तरे लिहिली. ती उत्तरे प्रत्यक्षात कशी उतरली, हे पाहायचे तर बालाघाटच्या पठारावरील अहमदपूरसारख्या ठिकाणाहून पाहावे. तेथून महाविद्यालयही दूर होते आणि समितीही.

आज लातूर जिल्ह्यात असलेला अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके बीदरपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आले व उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ चा. त्याआधीच्या निजामी राजवटीत या भागातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे असेल, तर वाट हैदराबादची होती. तेथे उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवण्याचा प्रयोग केला होता. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतर संस्थेने शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले. तो प्रयोग स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात ठेवावे की घरात मराठी बोलणारा, उर्दूत शिकलेला आणि हैदराबादेत पदवी घेतलेला डॉक्टर पुन्हा बालाघाटावर येऊन बसण्याचा संभव फार थोडा होता.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात ऑक्टोबर १९४३ मध्ये आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली गेली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले हे सनदी अधिकारी. १९४६ मध्ये आलेला त्यांचा अहवाल आजही आकड्यांसाठी वाचावा असा आहे. हजार जन्मलेल्या बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३ हजारांमागे एक परिचारिका होती. ही सारी मोजदाद ब्रिटिश हिंदुस्थानची. निजामाच्या मुलखातला अहमदपूर या हिशेबात नव्हताच.

समितीने विदेशांतील तज्ज्ञांनाही सल्ल्यासाठी बोलावले होते. त्यांत ऑक्सफर्डचे जॉन राइल होते. रुग्णाच्या खाटेजवळची प्रतिष्ठेची वैद्यकी सोडून ते १९४३ मध्ये ‘सोशल मेडिसिन’ या नव्या विषयाचे प्राध्यापक झाले होते. एकाच रोगाने गरीब वस्ती अधिक का मरते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. भोर समितीच्या कल्पनेतला ‘सामाजिक वैद्य’ याच विचारांच्या हवेत घडला. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग असावा आणि विद्यार्थ्याला या विषयाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस तिने केली.

त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, आणि तिचे परिणाम खेड्यांवर अधिक झाले. तेव्हा देशात दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत: विद्यापीठाचे पदवीधर आणि वैद्यकीय शाळांतून लहान अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक, म्हणजे ‘एल.एम.पी.’. समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, पूर्ण पदवीचा. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले, ते गेले वाया. पुण्याची बी. जे. वैद्यकीय शाळा १९४६ मध्ये महाविद्यालय झाली. नागपुरात जुन्या रॉबर्टसन वैद्यकीय शाळेची जागा १९४७ च्या नव्या महाविद्यालयाने घेतली. दर्जा वाढला, यात शंका नाही. पण तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा जो वर्ग होता, त्याची भरतीच बंद झाली. खेड्यासाठी वेगळा, कमी शिकलेला डॉक्टर देणे हा अन्याय खरा. मात्र त्याच्या बदल्यात येणारा ‘सामाजिक वैद्य’ वेळेवर आला नाही, हेही तितकेच खरे.

तो का आला नाही? विभाग तर उघडले गेले. ‘पीएसएम’ हे नाव प्रत्येक महाविद्यालयाच्या पाटीवर आले. १९७० मध्ये जबलपूरहून पार्क यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि पुढे देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या कपाटात त्याने कायमची जागा मिळवली. अडचण विषयाच्या स्वभावात होती. रुग्णालयात विद्यार्थ्याला अंश दिसतो: दाखल झालेले दहा, बरे झालेले आठ. छेद दिसत नाही. ते दहा किती जणांमधून आले, न आलेले कोण आणि ते का आले नाहीत, हे वॉर्डात उभे राहून कळण्याचा मार्ग नाही. सामाजिक वैद्यक म्हणजे या छेदाचा शोध. आणि तो इमारतीच्या बाहेर, अनोळखी उंबऱ्यावर, हातात वही घेऊन करावा लागतो. शस्त्रक्रियेच्या ओढीने आलेल्या विशीतल्या मुलाला त्यात पराक्रम दिसला नाही, यात नवल काय!

मराठवाड्याला पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला मिळाले. अहमदपूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे पाऊल १९७४ मध्ये पडले. किनगाव-घाटनांदूरच्या वाटेने पश्चिमेला गेले की लागणाऱ्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा उल्लेख तेथे अभिमानाने केला जातो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामीजी याच गावी १९३५ पासून योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांत ‘ग्रामीण’ हा शब्द नावातच धारण करणारे महाविद्यालय तेथे उभे राहावे, यात औचित्य होते. विद्यार्थी खेड्यात जात नाहीत ना, मग महाविद्यालयच खेड्यांच्या मध्ये नेऊन ठेवू, असा तो सरळ विचार होता.

तथापि महाविद्यालय गावाजवळ आले म्हणून अभ्यासक्रम गावाजवळ येत नाही. परीक्षा तीच, पुस्तके तीच, पुढे विशेषज्ञ होण्याची ओढही तीच. हे दिल्लीलाही उमगले होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाची दिशा बदलण्याची निकड मांडली आणि १९७७ मध्ये त्यासाठी योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाने सुरुवातीला तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी आणि विद्यार्थी तेथे शिकावेत, असे ठरले. त्यासाठी ब्रिटनकडून भेट आलेल्या फिरत्या दवाखान्यांच्या मोठाल्या गाड्या महाविद्यालयांना वाटण्यात आल्या. योजना उत्तम होती. गाड्या मात्र आपल्या खेड्यांच्या रस्त्यांना मानवणाऱ्या नव्हत्या. ज्या गावात एस.टी. पोचायची पंचाईत, तेथे हा रथ कसा पोचणार? विद्यार्थ्याने गावात काय शिकायचे, हे ठरवण्याआधी तो कशातून जाणार हे ठरले होते.

याच काळात सेवाग्रामला वेगळी मांडणी आकार घेत होती. माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. नव्या विद्यार्थ्याचे पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात जात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेई, तेथे शिबिराला राही, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे मोजकी कुटुंबे सोपवली जात. शिबिर संपले तरी ती कुटुंबे त्याचीच राहत. खादी आणि प्रार्थना यांकडे कोणी कसेही पाहावे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मोलाची होती ती कुटुंबांची वाटणी. शंभर घरांची पाहणी करणारा विद्यार्थी आकडे गोळा करतो. चार घरे वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला सून माहेरी का गेली, म्हातारीचे औषध मधेच का थांबले, हे विचारावेच लागते. तेथल्याच डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी सुगीच्या वेळी ज्वारी देऊन रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळवण्याची योजना चालवली. विम्याचा हप्ता पायलीने मोजला जाऊ शकतो, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती.

मराठवाड्यात असा धडा द्यायला नारू होता. जुन्या पायऱ्यांच्या बारवेत माणूस पाण्यात उतरतो, त्याच्या पायावरच्या फोडातून जंताच्या अळ्या पाण्यात जातात, पाण्यातले सूक्ष्म कीटक त्या गिळतात, ते पाणी दुसरा पितो, आणि वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांब दोरा बाहेर येऊ लागतो. यावर लस नाही, खात्रीचे औषध नाही. उपाय एवढाच की पाण्यात पाय पडू द्यायचा नाही आणि पिण्याचे पाणी फडक्याने गाळायचे. १९८३-८४ पासून देशभर घरोघर शोध घेण्यात आला, पायऱ्यांच्या विहिरींचे काठ बांधले गेले, हातपंप बसले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. वॉर्डातल्या कोणत्याही कौशल्याने जे साधले नसते, ते गवंडी, फडके आणि घरोघर जाणारी वही यांनी साधले.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. उत्तर टोकाच्या अहमदपूरलाही जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. मग इतकी माणसे का गेली? दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकूड-मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, पावसाळ्यात गळू नये म्हणून वर पुन्हा पुन्हा माती चढवलेले आणि दर थराने जड होत गेलेले. मृत्यूचे कारण या घरांच्या बांधणीत होते, आणि रोगनिदानाच्या ग्रंथांत माळवद नव्हते. पुढच्या आठवड्यांत सर्वांना भीती होती ढिगाऱ्यातल्या प्रेतांमुळे साथ पसरण्याची. खरा धोका मात्र असतो पत्र्याच्या शेडमध्ये दाटीने राहणाऱ्या जिवंत माणसांच्या पाण्याचा आणि शौचाचा. तेथे उपयोगी पडते ती विहिरीच्या काठावर शिकलेली आकडेमोड.

मराठवाड्यात आता वैद्यकीय महाविद्यालयांची वाण राहिली नाही. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. अहमदपूर आज तीन शासकीय महाविद्यालयांच्या मधोमध आहे. २०१९ पासून अभ्यासक्रम कौशल्याधारित झाला आणि २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणभर त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा नियम देशभर लागू झाला. सेवाग्रामची जुनी रीत अर्ध्या शतकाने राष्ट्रीय झाली.

हा नियम मराठवाड्यात पाळताना एक अडचण येते आणि ती दिल्लीच्या परिपत्रकात नाही. दिवाळीच्या सुमारास बीड-लातूरकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत महाविद्यालयाचे सत्र भरात असते, नेमक्या त्याच महिन्यांत दत्तक कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या पालावर असते. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रिया कोठल्या ना कोठल्या रुग्णालयाच्या नोंदीत होतीच. त्या सगळ्यांची बेरीज घरोघर फिरल्यावर झाली.

विद्यार्थ्याच्या वहीत अशा घरापुढे ‘दार बंद’ एवढाच शेरा पडतो. पुढच्या भेटीत काहीजण तो रकाना तसाच सोडून पुढच्या घराकडे वळतात. काहीजण शेजारच्या ओट्यावर टेकून विचारतात: कोणत्या कारखान्याला गेले, मुकादम कोण, धाकट्या पोरीचा गोवराचा डोस झाला होता का?