पत, कौल आणि चावडी

‘रेप्युटेशन’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत: प्रतिष्ठा, नावलौकिक, अब्रू आणि पत. चौघांचे व्यवहार वेगळे. प्रतिष्ठा घराण्याकडून येऊ शकते, नावलौकिक कामातून मिळतो, अब्रूची चर्चा ती जाते तेव्हाच होते. पत मात्र बाजारात चालते, तिच्यावर उसनं मिळतं. प्रोग्रॅमर मंडळींनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंटरनेटवर जे समूह उभे केले, त्यांत सदस्याच्या नावापुढे लागणाऱ्या गुणांना यांतला कोणता शब्द लावावा, हा प्रश्न मला भाषांतराच्या कामात पडला. उत्तर शोधताना मान मोजण्याच्या रीतींचा एक छोटा इतिहास हाती आला. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: समूहात ‘हे असं करून पाहू या’ म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो, की आलेल्या प्रत्येकाला तो असतो?

१९९७ मध्ये अमेरिकेत रॉब माल्डा याने ‘स्लॅशडॉट’ सुरू केलं. तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि त्यांखाली वाचकांची मतं, असं त्याचं स्वरूप. मतं इतकी येऊ लागली की बरंवाईट निवडणं एकट्यादुकट्याचं काम राहिलं नाही. मग वाचकांपैकीच काहींना आळीपाळीने थोडे गुण वाटायला दिले जाऊ लागले. चांगलं मत वर जाई, वाईट खाली. लिहिणाऱ्याच्या खात्यात जे साचे त्याला नाव दिलं ‘कर्म’.

शब्द आपला, पण अर्थ बदलून परत आलेला. मराठीत ‘कर्म माझं!’ म्हणणारा माणूस हताश असतो. त्याचा हिशेब दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला आहे आणि तो वाचायची सोय नाही. स्लॅशडॉटवरचं कर्म मात्र आकड्यात दिसत होतं. दिसतं म्हटल्यावर लोक ते वाढवण्यासाठीच लिहू लागले. त्यावर कमाल मर्यादा आली, आणि पुढे आकडा काढून त्या जागी ‘उत्तम’, ‘बरं’, ‘वाईट’ अशी विशेषणं ठेवण्यात आली. हिशेब पुन्हा थोडासा झाकला गेला.

पर्ल या संगणकभाषेच्या जाणकारांनी १९९९ च्या अखेरीस ‘पर्लमंक्स’ काढलं. त्यांनी मठाची उतरंडच उचलली. नवशिक्या दीक्षार्थीपासून सुरुवात. मग लेखनिक, भिक्षू, मठाधिपती, बिशप अशा पायऱ्या, आणि सुरुवातीच्या रचनेत सगळ्यांत वर ‘सेंट’, ३००० अनुभवगुणांना. यातली थट्टा उघड आहे. पण ‘सेंट’ला मराठीत ‘संत’ म्हटलं की ती थट्टा अडखळते. रोमन चर्चमध्ये संतपद रीतसर चौकशीनंतर जाहीर होतं, त्यामुळे त्या शब्दाला पायऱ्यांची सवय आहे. वारकऱ्यांमध्ये वाणी, शिंपी, माळी, महार संत झाले ते कुठलीही पायरी न चढता, आणि वारीत माणसं एकमेकांच्याच पाया पडतात. तिथे संतपदाला गुणसंख्या लावण्याची कल्पनाच बसत नाही.

हा मार्ग सर्वांत पद्धतशीरपणे पुढे नेला तो जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने. सप्टेंबर २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. प्रोग्रॅमिंगचा प्रश्न विचारायचा, इतरांनी उत्तर द्यायचं, वाचणाऱ्यांनी मत द्यायचं. उत्तराला पसंती मिळाली की १० गुण, नापसंती मिळाली की २ वजा. दिवसाला मतांतून २०० पेक्षा जास्त गुण नाहीत. गुणांबरोबर अधिकार उघडत जात: १५ गुणांना इतरांना पसंती देता येई, ५० ला कुठेही टिप्पणी करता येई, १२५ ला नापसंती, २००० ला दुसऱ्याचं लेखन थेट दुरुस्त करणं, ३००० ला प्रश्न बंद करण्यासाठी मत देणं. आपल्या प्रश्नाला उत्तर मिळावं म्हणून स्वतःचे ५० ते ५०० गुण इनाम म्हणून लावताही येत.

इथे ‘पत’ हा शब्द चपखल बसतो. ती साठवता येते, खर्च करता येते आणि तिच्यावर विश्वास टाकून समूह तुमच्या हाती किल्ल्या देतो. पण पतीचा दुसरा गुणधर्मही सोबत येतो: ज्याच्याकडे ती नाही, त्याला ती मिळवणं सर्वांत कठीण. नवख्याला उत्तर लिहिता येई, पण दुसऱ्याच्या उत्तराखाली ‘हे माझ्याकडे चालत नाही’ एवढी टीप टाकायला ५० गुण लागत.

सुधारणांच्या सूचनांसाठी २००९ मध्ये ‘मेटा’ हे वेगळं दालन निघालं. तिथे सूचना मांडायची, तीवर मतं पडायची, आणि शेवटी कंपनी तिच्यावर शिक्का मारायची: पूर्ण झाली, नाकारली, पुढे ढकलली, किंवा ‘हे मुद्दामच असं ठेवलं आहे’. सरकारी कचेरीत अर्ज केलेल्या कुणालाही हे शेरे ओळखीचे वाटतील. तिथे लिहायलाही ५ गुण हवे असत. रक्कम क्षुल्लक असली तरी दाराशी काहीतरी द्यावं लागत होतं.

गुणांच्या तक्त्यात कोणाची किंमत किती, हेही ठरत असतं. मार्च २०१० मध्ये प्रश्नाला मिळणाऱ्या पसंतीचे गुण १० वरून ५ केले गेले. विचारणाऱ्यापेक्षा सांगणारा मोठा, असा त्याचा अर्थ झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते पुन्हा १० झाले. चांगला प्रश्न हेही योगदान आहे, हे कबूल करायला साडेनऊ वर्षं लागली.

आणि प्रश्न इंग्रजीतच हवा होता. २०१४-१५ मध्ये पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश या भाषांना स्वतःची दालनं मिळाली. भारतातून तिथे येणाऱ्यांची गर्दी मोठी, तरी भारतीय भाषांपैकी एकीलाही ते मिळालं नाही. इथे चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी मुलं एकमेकांशी पंजाबीत आणि हिंदीत बोलतात, अडलेला प्रश्न मात्र इंग्रजीत मांडतात. तो त्या इंग्रजीवरूनही जोखला जातो. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १८० कोटी डॉलरना घेतलं. ज्यांच्या उत्तरांवर ही किंमत उभी होती, त्यांची पत त्या सौद्यात चलन म्हणून धरली गेली नाही.

मराठीत याच्या जवळचा समूह आहे तो मराठी विकिपीडियाचा. १ मे २००३ हा त्याचा आरंभदिन. इथे गुण नाहीत. संपादनांची संख्या मोजली जाते, पण तिने आपोआप फार काही उघडत नाही. प्रचालक व्हायचं तर ‘कौल’ घ्यावा लागतो. हा शब्द ज्याने योजला त्याला भाषेचा कान होता. कोकणात देवाला कौल लावतात आणि कळ्या-पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून हे पाहतात. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ छापतात. जुन्या कागदपत्रांतला ‘कौल’ आणखी वेगळा: ओस पडलेली गावं पुन्हा वसावीत म्हणून कुळांना सवलतीचं जे अभयपत्र दिलं जाई तो कौलनामा. हातावर मोजण्याइतक्या माणसांनी पडीक जमीन लागवडीखाली आणावी तसं चालवलेल्या ज्ञानकोशाला हा तिसरा अर्थ फार जवळचा आहे.

आपणहून ठरावीक संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ‘बॉट’ला, मराठी विकिपीडियाने ‘सांगकाम्या’ म्हटलं. सांगेल तेवढंच करणारा, स्वतःचं डोकं न चालवणारा. संख्येने मान ठरवायचा तर पहिला मान या सांगकाम्याला द्यावा लागेल. २००७ मध्ये वोलापुक या कृत्रिम भाषेचा विकिपीडिया, भाषक अगदी मोजके असताना, बॉटच्या जोरावर एक लाख लेखांपर्यंत पोचला, तेव्हा ते जगाला दिसलंच.

मला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द ‘चावडी’. धोरणं, तक्रारी, सुधारणांच्या सूचना यांची जागा. इंग्रजी विकिपीडियावर तिला ‘व्हिलेज पंप’ म्हणतात: गावचा पाण्याचा नळ, जिथे सगळे येतात आणि येता येता बोलतात. शब्दशः भाषांतर ‘पाणवठा’ झालं असतं. पण महाराष्ट्रातला पाणवठा सगळ्यांचा नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. चावडीही निष्पाप नाही. पाटील-कुलकर्णी तिथे बसत, सारा गोळा होई, तंटे ऐकले जात. महाराला तिथे हजर राहणं बंधनकारक होतं, पण बसण्याचा मान नव्हता. मराठीत ‘सर्वांची जागा’ सांगणारा जुना ग्रामशब्द शोधू गेलं की जवळजवळ प्रत्येक शब्दाला अशी पायरी आहे.

विकिपीडियाच्या चावडीने ती पायरी काढली. खातं न उघडलेला वाटसरूही तिथे सूचना लिहू शकतो. त्याचं ऐकलं जाईलच असं नाही, मात्र बोलण्याआधी त्याला काही कमवावं लागत नाही. जुना शब्द ठेवून त्यातला हक्क बदलणं, हे मला या भाषांतराचं मोठं काम वाटतं.

चावडी मोकळी असली तरी संख्येचा प्रश्न सुटत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये चंदीगडला लागून असलेल्या लांडरां इथे भारतीय विकिपीडियनांचं दुसरं मोठं संमेलन भरलं. पहिलं २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात झालं होतं. त्या निमित्ताने निरनिराळ्या भाषांत पंजाबविषयी लेख लिहिण्याची चढाओढ लागली. मराठीत पंजाबवर, तमिळमध्ये पंजाबवर लिहिलं जाणं हे अशा मोजणीचं चांगलं फळ. पण सॉफ्टवेअरमध्ये काय सुधारावं हे ठरवताना मोजणी वेगळी पडते. २०१५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सदस्यांच्या मागण्यांवर मतं घेऊन सर्वांत वरच्या दहा हाती घ्यायची पद्धत सुरू केली. अशा मतदानात मोठ्या भाषेची छोटी गैरसोय लहान भाषेच्या मोठ्या अडचणीला सहज मागे टाकू शकते.

उलट, आपल्या फार उपयोगी पडलेली एक सुविधा गुणांवर किंवा मतांवर आलीच नाही. २०११ च्या सुमारास मल्याळमभाषक प्रोग्रॅमरांनी विकिपीडियावर थेट भारतीय लिप्या टंकता याव्यात म्हणून ‘नारायम’ तयार केलं. ताडपत्रावर अक्षरं कोरण्याच्या लोखंडी लेखणीला मल्याळममध्ये नारायम म्हणतात. पुढे तीच सोय सर्व भाषांच्या निवडयंत्रणेत सामावली गेली. ज्यांना स्वतःच्या लिपीत लिहिता येत नव्हतं, त्यांच्यापाशी या मागणीसाठी मतं कुठून असणार? लिहिता आल्याशिवाय सदस्य नाहीत, सदस्यांशिवाय मतं नाहीत.

म्हणून भाषांतरात मी ‘रेप्युटेशन’ला ‘पत’च म्हणते. त्या शब्दात सावकाराचं दुकान दिसतं आणि ते दिसायलाच हवं. ‘फीचर रिक्वेस्ट’साठी मात्र मी ‘मागणी’ किंवा ‘अर्ज’ घेत नाही, ‘सूचना’ घेते. अर्जदाराला खिडकीपाशी उभं राहावं लागतं. सूचना करणारा त्याच ओट्यावर बसलेला असतो.