शिरस्त्राणावरचा साक्षीदार

सन 1935 च्या मे महिन्याच्या 13 तारखेस, इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, क्लाउड्स हिल या आपल्या लहानशा घराकडे परतत असताना, टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातील मोहिमेमुळे ज्याचे नाव जगभर गाजले होते तो लॉरेन्स, आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवस बेशुद्धावस्थेत काढून 19 तारखेस मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. रस्त्याच्या चढउतारात पुढे चाललेली सायकलवरची दोन मुले त्याला आयत्या वेळी दिसली व त्यांना चुकविण्याच्या खटपटीत हा प्रसंग ओढवला, येथवर कोणाचाच वाद नाही. मृत्यूच्या चौकशीत मात्र एका लष्करी कॉर्पोरलने अशी जबानी दिली की, अपघाताच्या क्षणभर आधी समोरून आलेली एक काळी मोटार त्या मोटारसायकलच्या बाजूने निघून गेली. आणि सायकलवरच्या मुलांनी सांगितले की, अशी कोणतीही मोटार आमच्या दृष्टीस पडली नाही. पंचांनी अपघाती मृत्यूचा निकाल दिला, दप्तर बांधले गेले, आणि ती काळी मोटार खरोखर होती की नव्हती याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही.

या एकाच अपघाताने दोन प्रश्न मागे ठेवले. पहिला स्वाराच्या मस्तकाच्या रक्षणाचा. लॉरेन्सवर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. डोळ्यांदेखत गेलेल्या त्या रुग्णाचा विषय त्याच्या मनातून हलला नाही, आणि 1941 साली त्याने मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात युद्धारंभापासूनच्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2279 मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी दगावल्याचा हिशेब मांडून, हेल्मेट घातलेल्यांच्या इजा कशा सौम्य होत्या हे दाखवून दिले. त्याच वर्षी लष्करी स्वारांना हेल्मेटची सक्ती झाली. दुसरा प्रश्न साक्षीचा. रस्त्यावर काय घडले हे सांगणारा मनुष्य भ्यालेला असतो, जखमी असतो, हितसंबंधी असतो, किंवा नेमक्या क्षणी दुसरीकडे पाहत असतो. मग खरे कोणाचे मानावे? या प्रश्नाचे उत्तर एका चिमुकल्या कॅमेऱ्याच्या रूपाने हेल्मेटवर आणि हँडलजवळ येऊन बसायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला, आणि तो का लागला हे पाहणे म्हणजेच या चिमुकल्या कॅमेऱ्याची कुळकथा सांगणे होय.

धावत्या वाहनावर कॅमेरा ठेवण्याची कल्पना मुळीच नवी नव्हती. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, तेव्हा त्यांतल्या एका चित्रात कॅमेरा फलाटावर स्थिर उभा होता व आगगाडी त्याच्या रोखाने येत होती. पण वर्षभरातच चित्रण करणारे गाडीवरच चढले. 1897 साली जेरुसलेमहून निघणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून ल्यूमिएरच्या माणसाने फलाटावरचे निरोप टिपले, तर अमेरिकेत हॅव्हरस्ट्रॉच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीच्या तोंडाशी कॅमेरा बांधून प्रेक्षकांना त्या काळोखात नेऊन आणले गेले. 1906 च्या वसंतात माइल्स बंधूंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून धावणाऱ्या केबल गाडीच्या पुढच्या टोकावर कॅमेरा ठेवला. घोडागाड्या, मोटारी, रूळ ओलांडणारी माणसे यांनी गजबजलेले ते बारा-तेरा मिनिटांचे चित्रण झाले आणि थोड्याच दिवसांत, 18 एप्रिलच्या भूकंपाने व त्यामागून लागलेल्या आगीने तो देखावा पृथ्वीवरून नाहीसा केला. पुढे शंभर वर्षांनी, हे चित्रण नक्की केव्हाचे असा प्रश्न निघाला तेव्हा, त्यात दिसणाऱ्या एका मोटारीच्या नंबराची नोंद आणि रस्त्यावर साचलेल्या पावसाच्या पाण्याची खूण यांवरून अभ्यासकांनी काळ निश्चित केला. करमणुकीसाठी काढलेली फीत अशी नकळत साक्षीला उभी राहिली, याचे मला विशेष वाटते. 1907 साली कॅनडातील व्हँकूव्हरचे रस्ते ट्रामगाडीच्या तोंडावरून टिपणारा विल्यम हार्बेक हा या विद्येतला आणखी एक आद्य पुरुष. तो पुढे टायटॅनिकबरोबर बुडाला.

वाहनावरून कॅमेरा माणसाच्या मस्तकावर चढला तो शर्यतींच्या आणि धाडसी खेळांच्या नादाने. 1966 साली जॅकी स्ट्यूअर्ट या शर्यतवीराच्या हेल्मेटच्या बाजूला निकॉन कॅमेरा बांधलेला आहे असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. 1969 च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटासाठी कार्ल बोनिशने हेल्मेटवर कॅमेरा लावून विमानातून उड्या घेतल्या व हवाई छत्रीधाऱ्यांचे पतन आकाशातूनच टिपले. परंतु मोटारसायकलपुरते बोलायचे तर मूळ पुरुषाचा मान ब्रूस ब्राउन यासच दिला पाहिजे. 1971 साली प्रदर्शित झालेल्या ‘ऑन एनी संडे’ या त्याच्या अनुबोधपटास नट स्टीव्ह मॅक्वीनच्या संस्थेचे द्रव्यसाह्य होते. मर्ट लॉविल आणि माल्कम स्मिथ या अस्सल स्वारांच्या पाठोपाठ तो चित्रपट धुळीतून, चिखलातून, वाळवंटातून फिरतो. मंदगतीची दृश्ये हवीत म्हणून त्याने 12 व्होल्टच्या कॅमेऱ्यास 24 व्होल्टची बॅटरी जोडून फीत अधिक वेगाने पळविली, आणि स्वाराला समोर काय दिसते हे प्रेक्षकाला दाखविण्याकरिता हेल्मेटवर कॅमेरे चढविले. ते कॅमेरे अवजड होते. इतके ओझे मानेवर घेऊन खडबडीत वाटेवर मोटारसायकल हाकणाऱ्यांच्या निष्ठेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मात्र त्या निष्ठेचे फळ अल्पजीवी होते, कारण 16 मिलिमीटरच्या फितीचे शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपून जाते.

या कुळकथेतील खरे मर्म, माझ्या मते, त्या पावणेतीन मिनिटांत आहे. देखावा टिपणाऱ्याला तो केव्हा सुरू होणार हे ठाऊक असते. शर्यतीचा झेंडा पडण्यापूर्वी तो कॅमेरा चालू करतो. अपघात मात्र वर्दी देऊन येत नाही. साक्षीदार व्हायचे असेल तर काहीही घडत नसताना, तासन् तास, निरर्थक रस्त्याकडे डोळे उघडे ठेवून बसावे लागते, आणि असे बसणे फितीच्या कॅमेऱ्याला परवडणारे नव्हते. म्हणून धावत्या कॅमेऱ्याची पहिली पाऊणशे वर्षे देखाव्यात गेली व साक्षीची शाखा खुंटून राहिली. चुंबकीय चित्रफितीने, म्हणजे व्हिडिओच्या कॅसेटने, ती अडचण दूर केली: एक कॅसेट तासन् तास चाले, आणि काही घडले नाही तर तीच पुन्हा वापरता येई. 1980 च्या दशकात अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांतून असे कॅमेरे बसू लागले. 23 जानेवारी 1991 च्या रात्री टेक्सास प्रांतात डॅरेल लन्सफर्ड नामक कॉन्स्टेबलने तपासणीसाठी एक मोटार थांबविली. त्या मोटारीतील तिघांनी त्याच्यावर झडप घालून त्यास ठार केले. त्याच्या स्वतःच्या गाडीतला कॅमेरा चालू होता. मारेकरी त्या चित्रणावरून शाबीत झाले. फिर्यादी मरण पावला तरी त्याची फिर्याद जिवंत राहिली, आणि हे दृश्य देशभर पाहिले गेल्यानंतर अशा कॅमेऱ्यांचा प्रसार वाढत गेला. 2000 साली अमेरिकेतील राज्य पोलिसांच्या 11 टक्के गाड्यांत कॅमेरे होते, ते सरकारी अनुदानामुळे चारेक वर्षांत 72 टक्क्यांवर गेले.

पोलिसांकडून हे साधन सामान्य वाहनचालकाकडे आले ते रशियासारख्या देशांत, जेथे मुद्दाम गाडीसमोर येऊन नुकसानभरपाई उकळणाऱ्या टोळ्यांनी चालक त्रस्त झाले होते. तोवर कॅसेट जाऊन मेमरी कार्ड आले होते, आणि डॅशकॅम, म्हणजे गाडीतला हा कॅमेरा, त्या कार्डावर दोन-तीन मिनिटांचे तुकडे ओळीने लिहीत जाऊन, जागा संपली की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहू लागला; धक्का बसला तर त्याच्यातील संवेदक त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. 15 फेब्रुवारी 2013 रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा कोर्टकज्ज्यांच्या भयाने बसविलेल्या याच कॅमेऱ्यांनी ती टिपली आणि शास्त्रज्ञांनी त्या चित्रणांवरून तिचा मार्ग गणिताने काढला.

इकडे देखाव्याची शाखाही थांबलेली नव्हती. निक वुडमन या कॅलिफोर्नियाच्या तरुणाने, लाटांवर तरंगताना आपले आपल्यालाच छायाचित्र काढता यावे एवढ्या हेतूने, मनगटावर पट्ट्याने बांधायचा कॅमेरा योजला. 2004 साली गोप्रो या नावाने विकला गेलेला तो पहिला कॅमेरा साध्या 35 मिलिमीटर फितीचा होता. 2006 चा डिजिटल नमुना केवळ दहा सेकंदांचे चलच्चित्र घेई. पण त्यानंतर चारेक वर्षांतच स्पष्ट, विस्तृत चित्र तासभर घेणारा, पाण्यात न भिजणारा कॅमेरा मुठीत मावू लागला आणि मनगटावरून तो हेल्मेटवर गेला. ब्राउनचा देखावा आणि टेक्सासची साक्ष या दोन शाखा येथे एका कार्डावर येऊन मिळाल्या.

आज ताम्हिणी किंवा माळशेज घाटात श्रावणातल्या रविवारी उभे राहावे, तर हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा लावलेले स्वार एकामागून एक जाताना दिसतात. त्यांचे चित्रण बारकाईने पाहण्याजोगे असते. खाली हातमोजे घातलेले दोन हात, हँडल आणि वेगमापकाचा काटा, वर धुके, मान वळेल तसे सर्व जग वळते, त्यामुळे स्वाराने वळणापूर्वी आरशात पाहिले की नाही हेदेखील समजते. हा हेल्मेटवरील कॅमेऱ्याचा मोठा गुण. परंतु त्याचे भिंग अतिशय विस्तीर्ण असल्याने समोरचा ट्रक प्रत्यक्षाहून पुष्कळ दूर भासतो, आणि चित्र स्थिर करणारी कॅमेऱ्यातील करामत गाडीचे हिसके गिळून टाकते. म्हणजे पाहणाऱ्याला वाटते, एवढी जागा होती, मग हा ब्रेक का लावीना? ही साक्ष खोटी नसली तरी ती समजून घेणारा तपासनीस जाणता हवा.

आणि दोषही आहे. हेल्मेट बाहेरून गोल व गुळगुळीत का असते? पडलेल्या स्वाराचे डोके रस्त्यावर घसरत जावे, कोठे अडकू नये, कारण अडकले तर मान पिळवटते व मेंदूला हिसका बसतो. केर्न्सच्या परंपरेतील वैद्यांनी आणि अभियंत्यांनी इतक्या परिश्रमाने जो उंचवटा टाळला, तोच आपण स्वहस्ते वर चिकटवितो. 2022 साली केरळच्या मोटार वाहन खात्याने हेल्मेटवर कॅमेरा लावण्यास मनाई केली आणि हजार रुपये दंडाची व परवाना तीन महिन्यांपर्यंत स्थगित करण्याची तंबी दिली. या हुकमाविषयी स्वारांत नाराजी झाली; मला तो हुकूम योग्य वाटतो. साक्षीसाठी डोक्यावर डोळा असलाच पाहिजे असे नाही. दुचाकीसाठी तयार झालेले डॅशकॅम आज मिळतात: एक भिंग दिव्याखाली, दुसरे मागच्या नंबरपाटीजवळ, नोंद करणारी पेटी आसनाखाली, आणि वीज इग्निशनच्या तारेतून, म्हणजे किल्ली फिरविताच साक्षीदार जागा होतो. विशेषतः मागचे भिंग अमोल आहे, कारण मागून धडक देऊन निघून गेलेल्या वाहनाचा नंबर हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसत नाही. ज्याला घाटातल्या धुक्याचे कौतुक टिपायचे आहे त्याने कॅमेरा टाकीवर किंवा छातीच्या पट्ट्यावर लावावा, आणि हेल्मेट हेल्मेटच राहू द्यावे.

न्यायालयाच्या दारात या साक्षीची किंमत कशी ठरते, हे महाराष्ट्रातल्याच एका कज्ज्याने देशाला सांगितले आहे. जालना मतदारसंघात 2014 च्या विधानसभा निवडणुकीचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीन वाजेपर्यंत द्यायचे होते; एका उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, अशी हरकत निघाली, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रण. उमेदवार निवडून आला तो 296 मतांनी. चित्रणाच्या नकलेसोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नव्हते; तक्रारदाराने ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, अस्सल यंत्रच न्यायालयापुढे हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र मागूनही ते न देणाऱ्यांमुळे तक्रारदाराचे नुकसान होऊ नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमात प्रमाणपत्राचा हा नियम आणखी तपशिलाने आला आहे.

म्हणून मोटारसायकलवर कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येक तरुण मित्राला माझी विनंती आहे. अपघात झाला, आपला असो वा डोळ्यांदेखत दुसऱ्याचा, तर प्रथम जखमींकडे धावावे, आणि ते काम हातावेगळे होताच कॅमेऱ्यातील मूळ कार्ड काढून घ्यावे. त्यावर दुसरे चित्रण होऊ देऊ नये. मोबाइलवर उतरवलेली किंवा मित्रांना पाठवलेली नक्कल प्रमाणपत्रावाचून पुरावा ठरते, असे समजू नये. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे की नाही ते त्याच दिवशी पाहून, चूक असल्यास किती मिनिटांची हे कागदावर लिहून सही करावी. कार्ड पाकिटात घालून त्यावर दिनांक, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर लिहावा, आणि पोलिसांच्या हवाली करताना पंचनाम्यात त्याची नोंद झाल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.