टोकियो ते टोकियो

ऑक्टोबर २००२मध्ये टोकियोत माहजाँगची विश्वस्पर्धा भरली आणि माई हात्सुने या जपानी खेळाडूने ती जिंकली. आम्हांस लक्षणीय वाटते ती गोष्ट मात्र निराळी. यजमान जपानी, विजेती जपानी. नियम तेवढे जपानी नव्हते. चीनने १९९८मध्ये प्रमाणित केलेल्या स्पर्धा-पद्धतीवर ते बेतले होते.

खेळ मूळचा चीनचाच, तेव्हा यात वावगे काय, असे कुणी म्हणेल. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी जपानात पोहोचलेला हा खेळ तेथे पार बदलला. फुलांच्या सोंगट्या गळाल्या. १४४च्या जागी १३६ उरल्या. त्याहून महत्त्वाचे दोन नियम रुजले. हात पुरा व्हायला एकच सोंगटी हवी असेल, आणि वाटेत कुणाची टाकलेली सोंगटी उचललेली नसेल, तर खेळाडू एक हजार गुणांची काडी पटावर ठेवून तसे जाहीर करतो. ही 'रीची'. त्यानंतर हात बदलता येत नाही. दुसरा नियम 'फुरितेन'. आपल्याला हव्या असलेल्या सोंगट्यांपैकी एखादी आपणच पूर्वी टाकली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर डाव जिंकता येत नाही. त्यामुळे समोरच्याने जे टाकले, तेच आपण टाकले तर त्याच्यापुरते निर्धास्त राहता येते. म्हणूनच टाकलेल्या सोंगट्या प्रत्येकापुढे सहासहांच्या ओळींत मांडून ठेवतात. बचावाची सारी विद्या या ओळींच्या वाचनावर उभी आहे. चिनी स्पर्धा-नियमांत फुरितेनची ही अट नाही. म्हणजे जपानी खेळाडू तेथे बसला की त्याची निम्मी विद्या कुचकामी ठरते. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे.

जपानी पद्धतीला स्वतःची विश्वस्पर्धा मिळाली ती युरोपात. हानोव्हरला २००८मध्ये या पद्धतीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली होतीच. २०१४मध्ये पॅरिसलगतच्या प्युतो येथे पहिली रीची विश्वस्पर्धा भरली आणि हिरोशी यामाई विजेते ठरले. पुढची २०१७मध्ये लास व्हेगासला. व्हिएन्नाची २०२०ची स्पर्धा महासाथीमुळे २०२२वर गेली. २०२५मध्ये स्पर्धा टोकियोत आली, या वेळी रीचीच्या नावाने.

तरीही ती अस्सल जपानी म्हणावी काय? जपानी शहरांतल्या माहजाँग-पार्लरांत लाल रंगाच्या 'पाच'च्या सोंगट्या सर्रास वापरतात. ती हाती आली की डावाची किंमत वाढते. दैवाला एवढे माप देणे विश्वस्पर्धेच्या नियमांनी नाकारले आहे. आमच्या मते ते योग्यच झाले. पण रोज संध्याकाळी लाल पाचांवर खेळणाऱ्या टोकियोकराला विश्वस्पर्धेच्या पटावर पुन्हा थोडे परक्यासारखेच बसावे लागते.